पाचव्या दिवसाची तिहाई

लग्नात माझ्या वडिलांनी मला फ्रीजऐवजी सतार दिली. दोन्ही देणं त्यांना शक्य नव्हतं आणि काय हवं ते त्यांनी मला विचारलं होतं, त्यामुळे त्याबाबत माझी तक्रार नाही. सासरी मात्र फ्रीजसाठी एक कोपरा मोकळा करून ठेवला होता. त्या कोपऱ्यात पुढे बरीच वर्षं तांदळाची कोठी उभी होती.

सतार मिरजेची. सिन्नरहून टेम्पोतून ती नाशकात सिडकोतल्या आमच्या घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिला दारातच थांबवलं, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि भोपळ्याला हळदकुंकू लावलं. सासूबाई सायखेड्याच्या. सतार त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिली असावी.

"सरस्वती हाय ती," त्या म्हणाल्या. "तिची जागा देवापाशी."

पुढच्या खोलीत देव्हारा होता, त्याच्या उजव्या बाजूला सतारीची जागा ठरली. मला भरून आलं. माझ्या बरोबर शिकणाऱ्या दोघींच्या सतारी सासरी गेल्या त्या थेट माळ्यावर. माझ्या सतारीला देवाचा मान मिळाला होता. त्या मानाचा अर्थ मला पहिल्याच महिन्यात कळला.

घर दोन खोल्यांचं. पाळीच्या दिवसांत सुनेला बाजूला बसवायला तिथे बाजूच नव्हती, आणि मी नोकरी करणारी. एका पतसंस्थेत कॅशियर होते. त्यामुळे सासूबाईंनी स्वतःच नियम सैल केला होता. त्या चार दिवसांत मी स्वयंपाक करायचा, ऑफिसला जायचं, सगळं करायचं. फक्त तीन गोष्टींना शिवायचं नाही: देव, लोणच्याची बरणी आणि सतार. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, पाचव्या दिवसापासून सगळं मोकळं.

ऑफिसात मी त्या चार दिवसांत दिवसभर नोटा हाताळत असे. पगार त्या दिवसांत झाला तर पाकीट माझ्या हातातून सासूबाईंच्या हातात आणि तिथून देवापुढे जात असे. लक्ष्मीला माझा विटाळ होत नव्हता, सरस्वतीला होत होता. हे मी एकदा नवऱ्याला बोलून दाखवलं. तो ओझरला विमानाच्या कारखान्यात होता, पहिल्या पाळीवरून येऊन आडवा झाला होता.

"तू ना, कशातही हिशेब काढतेस," तो म्हणाला. "चार दिवसांनी काय बिघडतं? मशीनसुद्धा अधूनमधून बंद ठेवावं लागतं."

"मशीन कोण बंद ठेवतं? ऑपरेटर की त्याची आई?"

त्यावर त्याने कूस बदलली. सासूबाईंनी या विषयावर कधी आवाज चढवला नाही. आवाज चढवायची गरज त्या घरात कधी पडली नाही.

माहेरी माझ्या सुरुवातीच्या परीक्षा झालेल्या होत्या. मला विशारद व्हायचं होतं, आणि ते नुसतं हौस म्हणून नव्हे. विशारद झालं की घरी क्लास काढता येतो, शाळांमधून संगीत शिक्षकाच्या जागा निघतात, आणि काचेमागे बसून जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजाव्या लागत नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण मनात ते अगदी पक्कं होतं. मुलगी बालवाडीत जायला लागली, म्हणजे पंच्याण्णवच्या सुमारास, आणि मी क्लास लावला.

क्लास जुन्या नाशकात, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडे एका बोळात पहिल्या मजल्यावर होता. आठवड्यातून तीन संध्याकाळी. सर पोस्टातून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, आणि वाजवायला बसले की एकदम ताठ. त्यांच्या हाताबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. तार बाजूला ओढून ते स्वर चढवत तेव्हा तो स्वर खोलीभर फिरून परत त्यांच्या मांडीवर येऊन बसतो आहे असं वाटायचं.

त्यांची एक पद्धत होती. आत आल्यावर नमस्कार झाला की डावा हात पुढे करायचा. "बोट दाखवा," सर म्हणायचे. सतार वाजवणाऱ्याच्या डाव्या पहिल्या बोटावर तार घासून काळी रेघ पडते आणि तिथे घट्टा तयार होतो. रियाज चुकला की रेघ फिकट होते. सर चष्मा कपाळावर चढवून ती रेघ बघायचे आणि एक शब्दही न बोलता मान हलवायचे, होकाराची किंवा नकाराची.

दुसरी पद्धत खाड्याची. कामगार जसा खाडा म्हणतो तसाच त्यांचा शब्द. ज्याचा खाडा झाला त्याने परत आल्यावर पहिला दिवस बालवर्गात बसायचं. बालवर्ग म्हणजे भिंतीकडची निळी सतरंजी, जिथे शाळकरी मुलं सा रे ग म घोटत असत. तिथे बसून मुलांबरोबर पहिल्या धड्यापासून वाजवायचं. कारण सांगायचं नाही, सर विचारायचेही नाहीत.

"हात म्हणजे भाडेकरू असतो," ते म्हणायचे. "लक्ष ठेवलं नाही तर न सांगता खोली सोडतो."

चार दिवसांत क्लासची एखादी तरी संध्याकाळ यायचीच. म्हणून दर महिन्याला एकदा मी, एका मुलीची आई, गुडघे मुडपून निळ्या सतरंजीवर बसे आणि माझ्या कमरेएवढ्या पोरांबरोबर सा सा रे रे वाजवी. मोठ्या वर्गात आम्ही तिघी बायका होतो. त्या दोघींना दुसऱ्याच महिन्यात समजलं. मी भिंतीकडे वळले की त्या एकमेकींकडे बघत. साथीला येणाऱ्या तबलजींना समजलं नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

"काय वहिनी, पुन्हा नापास?" ते तबल्यावर हातोडी ठोकत विचारायचे. "दर महिन्याला कसं काय हो जमतं तुम्हाला?"

बालवर्गातली पोरं खुदखुदायची. बाकी दोघींपैकी एक खाली मान घालून खोकायची.

कुणी म्हणेल, क्लासात सतारी होत्याच, ऑफिसातून परस्पर तिथे जायचं, सासूबाईंना कुठे कळणार होतं. आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी त्या बालवर्गात होती. तिची आई आणि सासूबाई रोज दिवेलागणीला जिन्यात बसून मेथी निवडत. शिवाय चोरून शिकायचं माझ्या मनाला पटत नव्हतं. सतार ही मी मागून घेतलेली गोष्ट होती. ती चोरून का वाजवू.

बोटाचा घट्टा मात्र मी राखला. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची तार होती. त्या चार दिवसांत भांडी झाली की मी गॅलरीत जाऊन तारेवर बोट दाबून पुढेमागे ओढत असे, रेघ उमटेपर्यंत. एकदा सासूबाईंनी पाहिलं.

"त्या तारंला काय चिमटे काढती?"

"बोट मऊ पडतं, आई."

"पडू दे की मऊ. बाईमाणसाचं बोट हाय."

पाचव्या दिवशी क्लासमध्ये मी डावा हात पुढे करायची, सर रेघ बघायचे, होकाराची मान हलवायचे आणि सतरंजीकडे बोट दाखवायचे.

आता जे लिहिते आहे ते मला त्या वेळी कुणाला पटवून देता आलं नाही. सतारीत तिहाई म्हणून एक प्रकार असतो. एकच तुकडा लागोपाठ तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा ठोका तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, आणून सोडायचा. निव्वळ हिशेबाचं काम. हिशेब मला यायचा. बसची वाट बघताना पर्सवर बोटं वाजवत मी तिहाई मोजायची आणि ती बरोबर समेवर यायची. सतारीवर येत नसे. तिसऱ्या खेपेला हात घाई करायचा आणि मी समेच्या आधीच पोचून बसायची.

"स्टेशन यायच्या आत उतरलात," सर म्हणायचे.

आठवडा आठवडा मी तीच तिहाई घोटायची आणि ती दिवसेंदिवस जास्तच बिघडायची. मग चार दिवस यायचे. पाचव्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी सतार घेऊन बसले की पहिल्याच खेपेला ती समेवर यायची, जणू माझ्या माघारी कुणी तरी तिचा रियाज करून ठेवला होता.

एकदा झालं तर योगायोग. एका दिवसाच्या जमेवरून मी कधी अंदाज बांधत नाही. काही महिने मी लक्ष ठेवलं. सुट्टीआधी जे अडलेलं असे ते पाचव्या दिवशी सुटलेलं असे. नेहमी नाही, पण योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतक्या वेळा. हात थोडा जड असे, पण आतली घाई गेलेली असे.

मला याचा आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. ज्या चार दिवसांमुळे मी पोरांत बसत होते त्यांचेच उपकार मानायची वेळ आली होती. विश्रांती मला हवी असती तर मी घेतली असती. मिळत होती तीही विश्रांतीच होती, पण ती माझी नव्हती.

तरी मी सरांना सांगितलं, कारण खरी गोष्ट आहे ती शिकवणाऱ्याला माहीत असावी असं मला वाटलं. कारण सांगितलं नाही, फक्त निरीक्षण सांगितलं: "सर, मध्ये काही दिवस थांबलं की अडलेलं सुटतं. मी बघितलंय."

सरांनी तार छेडायची नखी बोटावर घट्ट केली. "हा आळशी माणसाचा शोध आहे, ताई. रियाज म्हणजे काय लोणचं आहे मुरत ठेवायला?"

तबलजी हसले. मीही हसले. दुसरं काय करणार.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. क्लास सुटल्यावर मी कप आत ठेवायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "दर महिन्याला का ते मला कळतं हो. मीही लग्नाआधी दिलरुबा वाजवायचे."

"मग?"

"मग काय. इथे आले. माझा खाडा चालूच आहे." आणि त्या कप विसळायला लागल्या.

अठ्ठ्याण्णव साली सरांनी सांगितलं की यंदा विशारदच्या परीक्षेला माझा फॉर्म भरायला हरकत नाही. अट एकच. परीक्षेआधीच्या तीन महिन्यांत खाडा चालणार नाही. "झाला तर फॉर्मवर माझी सही नाही. मग तुमचं कारण काहीही असो."

मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत विचार केला. उपाय आमच्या घरातच होता. गौरी-गणपतीत, सत्यनारायणाला, नणंदेच्या लग्नात माझी तारीख मध्ये येत असली की सासूबाई स्वतः मला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून देत. आमच्या ओळखीतल्या सगळ्याच घरांत त्या घेतल्या जात. डॉक्टरला कुणी विचारत नसे. मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवायचं, तो नवं द्यायचा. गौरीच्या वेळचं पाकीट अजून कपाटात होतं.

"पूजा आहे का वहिनी?" मेडिकलवाल्याने विचारलं.

"हो."

पुढच्या वेळी तो म्हणाला, "पुन्हा पूजा?"

त्याच्या पुढच्या वेळी: "मोठं व्रत दिसतंय."

मी हो म्हणाले. ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

गोळी मी एक दिवसही चुकवली नाही. क्लासही नाही. रोज पहाटे रियाज, रोज संध्याकाळी रियाज. निळी सतरंजी माझ्याशिवाय राहिली. सर खूष होते. ते तसं बोलले नाहीत, पण माझं बोट बघून त्यांनी चष्मा नीट डोळ्यांवर घेतला आणि एकदा म्हणाले, "आता कसं." तबलजी म्हणाले, "वहिनी सुधारल्या."

वाजवणं मात्र दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. पोटऱ्या सुजायच्या, डोकं भणभणायचं, आणि मध्ये एकही मोकळा दिवस नसल्यामुळे तिहाई जशी बिघडली तशीच बिघडलेली राहिली. आज जरा बरी, उद्या पुन्हा स्टेशन यायच्या आत उतरायचं. पाचवा दिवस येतच नव्हता. मी स्वतःला सांगत होते की परीक्षा झाली की थांबू.

घरात दुसरंच चाललं होतं. दुसरा महिना उलटला तेव्हा सासूबाई मला दुधाचा पेला आणून द्यायला लागल्या. एके दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दोन महिनं झालं. सतारीला खंड नाय तुझा."

"आई, तसं काही नाही."

"नाय तर नाय. कुणाला सांगू नको, तिसरा लागू दे." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि दुसरं झालं नव्हतं. सायखेड्याहून डिंकाचे लाडू आले. मला सतार उचलू देईनात, नवऱ्याला उचलून माझ्यापुढे ठेवायला सांगत. त्या दोन महिन्यांत सतारीसाठी मला त्या घरात जेवढी मदत मिळाली तेवढी आधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही नाही.

गोळ्यांचं सांगावं असं मला अनेकदा वाटलं. पण सांगितलं असतं तर गोळ्या बंद झाल्या असत्या.

परीक्षेला तीनेक आठवडे उरले असताना, दुपारी ऑफिसात रोकड जुळवत होते आणि रक्तस्राव सुरू झाला. गोळ्या चालू असूनही. उभी राहिले आणि खुर्ची बघून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शिपायाला रिक्षा आणायला पाठवलं. पुढचं सगळं भराभर झालं. दवाखाना, बाटली, पिशवी साफ करावी लागली. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून पदराने डोळे पुसत होत्या. त्यांचा समज होता की गर्भ गेला.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "किती दिवस घेत होता गोळ्या?"

मी सांगितलं.

"सलग? कुणी दिल्या?"

"कुणी नाही. परीक्षा होती."

"कसली परीक्षा?"

"सतारीची."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग महिनाभर पूर्ण विश्रांती लिहून दिली. सासूबाईंचं रडणं थांबलं होतं. मग नवऱ्याला म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "देवाच्या कामाला घेतल्या असत्या तर बाधल्या नसत्या."

सरांकडे मी नवऱ्याला पाठवलं. खरं काय ते सांगा, असं मी म्हणाले. तो जाऊन आला.

"सांगितलंत?"

"ताप आहे म्हणून सांगितलं. आता ते कसं सांगणार पुरुषमाणसाला?"

"तुम्ही पुरुषच आहात ना. तुम्हाला माहीत आहे."

"ते वेगळं," तो म्हणाला.

फॉर्म गेला नाही.

महिन्याने मी क्लासला गेले. नमस्कार केला, डावा हात पुढे केला. रेघ नव्हतीच, घट्टा साल निघून पडून गेला होता. सरांनी मान हलवली आणि सतरंजी दाखवली. "बसा बालवर्गात."

मी उभीच राहिले. "सर, मला ताप नव्हता," मी म्हणाले. "महिन्याचे चार दिवस घरी मला सतारीला शिवू देत नाहीत. माझे आजवरचे सगळे खाडे तेच आहेत. परीक्षेआधी खाडा नको म्हणालात म्हणून मी ते दिवस गोळ्या घेऊन थांबवले आणि दवाखान्यात गेले."

पोरांना समजलं नसेल, पण काहीतरी झालंय एवढं त्यांना कळलं. तबलजी हातोडीकडे बघत राहिले. काकू आतल्या दारात उभ्या होत्या.

"मुलांसमोर काय बोलता हे," सर हळू आवाजात म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "शिवायचं नाहीच त्या दिवसांत. आमच्याकडेही तीच रीत आहे. वाद्य म्हणजे सरस्वती."

"मग तो खाडा कसा, सर?"

"खाडा तो खाडाच. हाताला कारण कळत नाही."

दोन्ही नियम एकाच माणसाच्या तोंडून, एका श्वासात आले, आणि त्यात काही विचित्र आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. ते रागावलेलेही नव्हते. मी थांबले तर पुढच्या वर्षी फॉर्म भरू असंही म्हणाले, अट अर्थात तीच. मी काकूंकडे पाहिलं. त्या चहा ठेवायला आत निघून गेल्या. मी चपला घातल्या.

हाताला कारण कळत नाही, हे वाक्य मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. ते खोटं नाही. पण मग पाचव्या दिवशी माझ्या हाताला जे कळायचं ते त्यांनी कधी ऐकून घेतलं नाही.

घरी सतार देवापाशी उभी होती. मी अधूनमधून वाजवायची, मग आणखी अधूनमधून. दोन हजार तीनचं सिंहस्थ आलं तेव्हा सायखेड्याचे, येवल्याचे, कुठकुठले पाहुणे स्नानाला म्हणून घरी उतरले. गाद्या घालायला जागा हवी होती. नवरा आणि दीर यांनी मिळून सतार माळ्यावर चढवली. सरस्वतीला देवापासून उचलून जुन्या बादल्यांशेजारी ठेवताना कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. मला त्या आठवड्यात पाळी होती, म्हणून मला तिला हात लावून नीट ठेवताही आली नाही. पाहुणे गेले. सतार तिथेच राहिली.

मुलगी चौदा वर्षांची झाल्यावर गिटार शिकायला लागली. कॉलेज रोडला एक तरुण मुलगा शिकवायचा. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "सर म्हणालेत या आठवड्यात गिटारला हातच लावायचा नाही. दर दोन महिन्यांनी एक आठवडा पूर्ण ब्रेक. त्याने हात सेट होतो, अडलेलं आपोआप सुटतं."

मी तिच्या ताटात भात वाढत होते.

"म्हंजे माझंच म्हणणं की," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे दात तेव्हा पडलेले होते, भाकरी दुधात कुस्करून खायच्या. "मी बी हिला चार दिस आरामच देत होते. तवा लय राग यायचा हिला."

नवरा हसला. "आई पुढच्या काळातली होती म्हणायची."

"आजी, मला कुणी देत नाही ब्रेक," मुलगी म्हणाली. "या आठवड्यात नको असेल तर पुढच्या आठवड्यात घे म्हणालेत. मी ठरवणार."

तिला जुनं काही माहीत नव्हतं. ती पाळीच्या दिवसांतही पुढच्या खोलीत देव्हाऱ्यासमोर पाय पसरून गिटार वाजवायची. मी एकदा सासूबाईंकडे नुसतं पाहिलं. त्यांनी माझ्या पाहण्याचा अर्थ लगेच ओळखला.

"ती सरस्वती नाय," त्या म्हणाल्या. "ती इंग्रजी हाय."

मी ताक आणायला उठले. ताक संपलं होतं, तरी थोडा वेळ आत उभी राहिले.

दोन वर्षांनी माझी गर्भपिशवी काढली. नव्वदच्या दशकातल्या त्या गोळ्यांचा त्याच्याशी संबंध आहे असं मी म्हणणार नाही. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत आणि मला माहीत नसलेलं मी लिहीत नाही. टाके सुकले, मी हिंडूफिरू लागले, तेव्हा सासूबाईंनी स्वतः माझ्या नवऱ्याला माळ्यावर चढवलं.

"काढ तिची सतार खाली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून: "आता बारा महिने वाजव. आता कुणी अडवणार नाय तुला."

त्यांना त्यात मला काहीतरी दिल्यासारखं वाटत होतं. मी त्यांच्या पाया पडले की नाही ते आठवत नाही. बहुधा पडले असेन, सवय होती.

तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. सतार मी देव्हाऱ्यापाशी ठेवली नाही, खिडकीपाशी ठेवली. बोट पहिले काही दिवस सोललं, मग घट्टा धरला, काळी रेघ आली. रोज सकाळी वाजवू लागले. यमनमधली तीच जुनी तिहाई. महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्या खेपेला हात तसाच घाई करायचा आणि मी तशीच स्टेशन यायच्या आत उतरायची. वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं. मग लक्षात आलं की दोन महिन्यांत मी एकही दिवस थांबले नव्हते. थांबवायला कुणी नव्हतं आणि स्वतःहून थांबायचं कसं ते मला कधी शिकवलं गेलं नव्हतं.

मी सतारीवर गवसणी घातली आणि चार दिवस तिच्याकडे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "आता काय झालं? आता तर मोकळी हायस."

"खाडा केलाय, आई."

"कशापायी?"

"मला हवा होता."

त्यांना कारण हवं होतं आणि ते त्यांना सापडत नव्हतं. मग त्या जपमाळ घेऊन बसल्या.

पाचव्या दिवशी सकाळी गवसणी काढली. तबला नव्हता, मात्रा मनातच मोजल्या. तुकडा एकदा, दोनदा, तिसऱ्या खेपेला हात शांत होता, आणि शेवटचा ठोका समेवर पडला. मी पुन्हा वाजवून पाहिली. पुन्हा पडला. सर त्याआधीच वारले होते. परीक्षेला वयाची अट नसते हे मी चौकशी करून ठेवलं आहे, पण तोवर माझी चाळिशी उलटली होती आणि शाळेतल्या जागांना वयाची अट असते, तीही मी चौकशी करून ठेवली आहे.

सासूबाई देव्हाऱ्यासमोर फुलं वाहत होत्या. त्यांनी वळून न बघता म्हटलं, "आज ब्येस वाजलं. असं रोज का नाय वाजवत?"

मी नखी बोटातून काढली आणि डबीत ठेवली.